एकोणीस कडवी

"आधी तू त्या दारापर्यंत कशी पोचलीस ते लिही. तिथं काय पाहिलंस ते नंतर." असं म्हणून मॅडम मिलाग्रोसनी माझी बारा पानं टेबलावरून परत माझ्याकडे सरकवली. सगळ्या पानांत मिळून लाल शाईची एकच रेघ होती. पहिल्या ओळीतल्या 'प्रस्तुत संशोधिका' या शब्दांखाली.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच, मॅडम."

"मग ती अशी का बोलते? तुझी कुणी थोरली बहीण असावी आणि तिचं तुझ्याशी भांडण झालेलं असावं, तशी."

मला हसू आलं, पण आवरलं. एकोणीस वर्षं मी वेंगुर्ल्याच्या कॉलेजात मुलांना शिकवत आले होते की निबंधात 'मी' येता कामा नये.

हे १९९५ साल. फिलिपिन्समधल्या इलोइलो प्रांतात, समुद्राकाठच्या एका विद्यापीठात मी पाच महिन्यांच्या अभ्यासवृत्तीवर गेले होते. विषय होता प्रादेशिक साहित्य. मला वाटलं होतं की पुस्तकांची यादी मिळेल, ग्रंथालयात बसू, टिपणं काढू. पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, "मनिलात जे छापलं गेलं त्याला देशाचं साहित्य म्हणतात. आमच्या भाषेतलं बरंचसं छापलंच गेलं नाही. ते माणसांच्या तोंडात आहे. तेव्हा पायांनी शोधायचं आणि निबंधात आणायचं." परीक्षा नाही. शेवटी एकच निबंध. त्यात रस्ता यायला हवा, घर यायला हवं, तिथं काय खाल्लंत आणि काय कळलं नाही तेही यायला हवं.

माझी बारा पानं मासळीबाजारातल्या एका म्हाताऱ्या गायकाविषयी होती. तो कंपोसो म्हणायचा. कंपोसो म्हणजे गावात खरोखर घडलेल्या गोष्टीवर रचलेलं लांबलचक गाणं. कुणाचा खून, कुणाचं पळून जाणं, वादळ. मी त्याचे विषय, यमकं, आवर्तनं असं सगळं व्यवस्थित मांडलं होतं. मॅडमना त्यातलं काहीच नको होतं.

"बेबेत सांगत होती, तू रोज पहाटे हातात तांब्या घेऊन कुठंतरी जातेस," त्या म्हणाल्या. बेबेत म्हणजे आमच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण.

"तुळशीला पाणी घालायला, मॅडम. लोला कोंचिंगकडे."

लोला म्हणजे आजी. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोंचिंग गारिन? रोज?"

"रोज. नोव्हेंबरपासून."

"आणि ती तुला कुंपणाच्या आत घेते?"

"पाणी काय बाहेरून घालणार?"

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं ते थोडक्यात असं. १९५१ साली लोलाच्या गावातली एक मोठी होडी बुडाली होती. त्यावर लोला कोंचिंगच्या भावानं एक कंपोसो रचला. भाऊ गेला, आणि आता तो पूर्ण येणारी लोला एकटीच. तिच्या मुलीकडून मॅडमना त्यातली तीन कडवी ऐकायला मिळाली होती, ती वीस वर्षांपूर्वी. त्यानंतर जे जे विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन गेले त्यांना लोलानं पोटभर जेवू घातलं, प्रेमाची दोनचार गाणी म्हणून दाखवली आणि वाटेला लावलं.

"ती सत्तर वर्षांची आहे," मॅडम म्हणाल्या. "ती गेली की ते गेलं. कळतंय तुला? ते गाणं आण. तुझी पुढच्या दोन वर्षांची शिफारस मी स्वतः लिहिते. डॉक्टरेट पुरी करूनच घरी जा."

मी एक्केचाळीस वर्षांची होते. कॉलेजात माझ्यामागून आलेले दोघे नावापुढे डॉक्टर लावून माझ्या वरच्या जागांवर बसले होते. पुन्हा अशी संधी येणार नाही हे मला सांगायला कुणी नको होतं.

मॅडमनी कपाटातून विटेएवढा टेपरेकॉर्डर काढून माझ्या कापडी पिशवीत ठेवला. "हातात दिसू देऊ नकोस," एवढंच म्हणाल्या.

त्या दारापर्यंत मी कशी पोचले ते आता लिहिते.

आईच्या शेवटच्या आजारात मी काही नेम घेतले होते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी प्यायचं नाही. रोज एक स्तोत्र. एकादशीचा उपास. आई त्यातून उठली नाही, पण नेम सोडायचं कारण मला दिसलं नाही. इलोइलोला जाताना पिशवीत सुकलेल्या मंजिऱ्या नेल्या होत्या. पहिले आठ दिवस त्या काचेच्या वाटीत ठेवून त्यांच्यावरच पळीभर पाणी घातलं. एकदा बेबेतनं वाटी उचलून वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर लोला कोंचिंगच्या कुंपणाला ढीगभर आहे. खोकल्याला नेतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. तुळसच ती. पानं थोडी मोठी, वास तोच. नारळाच्या हिरांच्या केरसुणीनं एक म्हातारी अंगण झाडत होती. लहानखुरी, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. अमेरिकनांच्या काळातल्या शाळेत शिकल्यामुळे तिला इंग्रजी चांगलं येत होतं. मी विचारलं, या झाडाला पाणी घातलं तर चालेल का.

"घाल. झाड काही नाही म्हणत नाही." झाडणं न थांबवता ती म्हणाली. "किती दिवस घालणार?"

"इथं आहे तोवर रोज."

"कुणी सांगितलं?"

"आईसाठी घेतलेला नेम आहे."

"पानाअद," ती म्हणाली. व्रताला, नवसाला आणि दिलेल्या शब्दाला त्यांच्याकडे हा एकच शब्द. "आई बरी झाली?"

"नाही. गेली."

"आणि तू अजून घालतेस."

"हो."

तिनं केर एका बाजूला लोटला. "इंदाय, भात खाऊन जा." इंदाय म्हणजे आपल्याकडचं बाय, पोरी, तसंच काहीसं.

"आज उपास आहे, लोला."

"बरं. मग उद्या दोन दिवसांचं खा."

एवढीच आमची ओळख. चार महिने रोज दहा मिनिटं. मी पाणी घालायचे, स्तोत्र म्हणायचे, ती झाडायची. कधी केळं द्यायची. मी तिला मासे का खात नाही हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "समुद्राकाठी जन्मून? तुझ्या देवाला मासेमारांची मस्करी करायची हौस दिसते." गाण्याविषयी मी कधी विचारलं नाही. मला ठाऊकच नव्हतं.

टेपरेकॉर्डर पिशवीत आला आणि मग रोज सकाळी ती पिशवी मला जड वाटायला लागली. तरी विचारायचा धीर होत नव्हता. मार्चच्या दहा तारखेला लोलानंच विषय काढला.

"उद्या पाणी घालून लगेच पळू नकोस. आणि उपाशी ये."

"मी रोज उपाशीच येते, लोला."

"म्हणून तर तुला सांगतेय. बाकीच्यांना कसं सांगणार? ते येतानाच पाव खाऊन येतात."

अकरा मार्चला तिच्या फाटकाबाहेरच्या पपईच्या झाडामागे उभी राहून मी टेपरेकॉर्डर सुरू केला. पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू. पाणी घातलं. लोला इस्त्रीचा निळा झगा घालून तयार होती. चुलीवर भाताचं भांडं झाकून ठेवलं होतं. आम्ही भाताच्या खाचरांच्या बांधावरून समुद्राकडे गेलो. वाळूवर बसताना तिनं झग्याच्या खिशातून शिंपले काढून डाव्या हाताला ठेवले. मी मोजले, एकोणीस.

"काही लिहायचं नाही," ती म्हणाली. "कानानं घ्यायचं. कबूल?"

"हुओ," मी म्हटलं. त्यांच्या भाषेत 'हो'.

पिशवी माझ्या मांडीवर होती. आत चाक फिरत असल्याची बारीक थरथर मला मांडीला कळत होती. हात घालून एक बटण दाबायचं होतं. मी दाबलं नाही. मनात म्हटलं, ती लिहू नको म्हणाली. टेप करू नको असं कुठं म्हणाली?

आता सांगायला लाज वाटते, पण हे मला फार सहज सुचलं. उपास करणाऱ्या घरात मी वाढले. भात चालत नाही पण वरीचा भात चालतो. मीठ चालत नाही पण सैंधव चालतं. नियम मोडायचा नाही आणि भूकही भागवायची, या विद्येत आमच्या घरच्या बायकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीच विद्या मी त्या वाळूवर वापरली.

लोला समुद्राकडे तोंड करून म्हणत होती. आवाज मोठा नव्हता. एका हातानं गुडघ्यावर ताल. एक कडवं संपलं की एक शिंपला डावीकडून उचलून उजवीकडे. जपाची आवर्तनं मोजायला मी तांदळाचे दाणे अशीच सारते. मला चार महिन्यांत जेमतेम कामापुरती भाषा आली होती. गाण्यातलं फारसं काही कळलं नाही. सकाळ, भांडं, जाळं, परत येतो, असे सुटे शब्द तेवढे ओळखू आले. शेवटच्या कडव्याला तिनं डोळे मिटले. शिंपला हातातच राहिला, मग जरा वेळानं खाली ठेवला.

घरी येऊन आम्ही दोघींनी भात खाल्ला. तिनं सुक्या मासळीशी, मी केळ्याशी.

दुपारी वसतिगृहात खोलीचं दार लावून मी टेप मागे फिरवली आणि सुरू केली. पपईच्या पानांची सळसळ, कुणाची तरी बकरी, आमची पावलं. लाटा. मग लोलाचा आवाज, "काही लिहायचं नाही. कानानं घ्यायचं. कबूल?"

आणि माझा आवाज. "हुओ."

मी थांबवली. मागे घेतली, पुन्हा ऐकलं. तो आवाज अगदी गोड होता. एखादी सोज्वळ बाई देवळात बोलावी तसा. मी स्वतःला तसं कधी ऐकलं नव्हतं. पुढचं गाणं मी ऐकलंच नाही. संध्याकाळी स्तोत्र म्हणायला बसले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे लोलाच्या अंगणात गेले आणि तांब्या खाली ठेवला.

"आधी सांगते, मग पाणी घालते," म्हटलं, आणि कॅसेट तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं ती उलटसुलट करून पाहिली. "यात मी आहे?"

"हो."

"सगळी?"

"सगळी. तू कबूल का म्हणून विचारलंस तेव्हा पिशवीत चालूच होतं. मी बंद केलं नाही."

"तू ऐकलंस?"

"माझा 'हुओ' ऐकला. पुढचं नाही ऐकलं."

लोला हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, मग तुळशीचीच चार पानं तोडून तिनं तोंडात टाकली. "हे मिलाग्रोसचं काम. तिचं नाक पुसलंय मी, शाळेत जायची तेव्हा. तेव्हाही सगळ्यांच्या पाटीवरचं तिला हवं असायचं."

"मॅडमनी टेपरेकॉर्डर दिला, लोला. चालू मी केला."

तिनं हसणं थांबवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग कोयता घेतला. मला वाटलं कॅसेटवर घाव घालणार. पण ती बांधाकडे चालायला लागली आणि मी मागून.

दुसऱ्या पिकाचं भात दाणा भरायला आलं होतं. त्यावर चिमण्यांचे थवे उतरत होते. लोलानं कोयत्याच्या टोकानं कॅसेट उकलली, फीत ओढून काढली, आणि एका बांबूपासून दुसऱ्या बांबूपर्यंत ताणून बांधायला लागली. एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही तिन्ही खाचरं फिरलो. उन्हं आली तशी ती तपकिरी फीत चमकायला लागली, आणि वारा लागला की गुणगुणायची. चिमण्या उठून शेजारच्याच्या शेतात गेल्या.

"बघ," लोला म्हणाली, "आता रोज गाते. पाखरांना काही माझा आवाज आवडत नाही."

मी शेवटची गाठ आवळली. माझी दोन वर्षं त्या बांबूंना गुंडाळलेली होती, आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

"आता पाणी घाल," ती म्हणाली. "उद्यापासून इथं बसायचं. आता तुझ्याजवळ काही नाही, तेव्हा आता देते."

तेरा मार्चपासून रोज एक कडवं. आदल्या दिवसाचं तीनदा बिनचूक म्हणून दाखवायचं, मग पुढचं. कागद नाही, पेन्सिल नाही. मला पाठांतराची सवय होती, अर्थ न कळता म्हणायचीही होती, कारण लहानपणी सगळी स्तोत्रं तशीच शिकले. पण लोला अर्थ सोडून पुढं जायची नाही.

नववं कडवं म्हणताना मी एक शब्द सारखा चुकत होते. तिनं माझ्या मांडीवर चापट मारली.

"नीट घे नाव. असं घेतलंस तर तो ओ कसा देईल?"

"नाव? हे नाव आहे?"

"मग तुला काय वाटलं?"

मला वाटलं होतं की ती वादळाची गोष्ट आहे. होडी, लाटा, बुडणं. लोला पायरीवर बसली आणि एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं तिनं मला सांगितलं. एकोणीस माणसं होती, एकोणीस कडवी आहेत. वादळाचं त्यात काही नाही. प्रत्येक कडव्यात एक माणूस त्या सकाळी घरातून कसा निघाला तेवढंच आहे. कुणाचं जाळं अर्धं विणून राहिलं होतं, कुणी बायकोशी अबोला धरून गेला. सगळे पहाटे न खाता गेले, कारण उजाडल्यावर परत येऊन जेवणार होते. एकोणीस घरी भात झाकून ठेवलेला होता. एकही प्रेत मिळालं नाही. तिच्या भावाला त्या दिवशी जाग उशिरा आली म्हणून तो राहिला. पुढं वर्षभर घरोघरी फिरून, प्रत्येकीला विचारून विचारून त्यानं हे रचलं.

"आमच्याकडे त्यांची थडगी नाहीत, इंदाय. हे आहे. मिलाग्रोस म्हणते छापू या. थडगं कुणी वहीत घालून शहरात नेतं का?"

मी बोटांवर मोजलं. आदल्या दिवसापर्यंतची आठ कडवी मला पाठ होती आणि त्यातली आठही माणसं मला माहीत नव्हती.

"यात तुझं कोण, लोला?"

"येईल. नंबर यायचाय त्याचा."

एकतीस मार्चला एकोणिसावं कडवं आलं. त्यात एका माणसाचं एक साधं वाक्य आहे, दारातून मागे वळून बायकोला म्हटलेलं. ते इथं लिहीत नाही. लोलानं ते डोळे मिटून सांगितलं आणि मी तीनदा म्हणून दाखवेपर्यंत उघडले नाहीत. त्या सकाळी ती पंचवीस-सव्वीस वर्षांची असणार आणि मुलगी पाळण्यात.

"मुलीला तीन कडवी येतात," ती म्हणाली. "पुढं शिकवणार तोवर ती हाँगकाँगला गेली. तिथं दुसऱ्यांची पोरं झोपवते. नात मनिलाला बापाच्या माणसांत. तिला आमची भाषा धड येत नाही. तेव्हा तू ठेव. वर्षातून एकदा, होडी गेली त्याच दिवशी, अकरा मार्चला, उपाशी, समुद्राकडे तोंड करून. तुझ्या गावाला समुद्र आहे ना?"

"आहे."

"हाच?"

"फिरून फिरून हाच असेल."

"ठीक. माझ्या घरातलं कुणी मागायला आलं तर द्यायचं. असंच, तोंडानं, रोज एक. डब्यात घालून नाही."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर तू म्हणत राहा. तू गेलीस की संपलं. त्यांना पुष्कळ वर्षं जेवायला बोलावून झालं असेल तोवर." तिनं हात पुढं केला. "कबूल?"

"हुओ," मी म्हटलं. या वेळी पिशवीत नुसता पंचा होता.

त्याच संध्याकाळी बसून सहा पानं लिहिली. तुळशीच्या मंजिऱ्या, कुंपण, केरसुणी, शिंपले, पपईचं झाड, माझा 'हुओ', चिमण्या. शेवटी लिहिलं की गाणं माझ्याजवळ आहे, ते माझं नाही, त्या घरातल्या कुणी विचारलं तर त्याचं आहे. माझं नाव आणि वेंगुर्ल्याच्या कॉलेजचा पत्ता घातला. गाण्याची एक ओळही घातली नाही.

मॅडमनी तो निबंध माझ्यासमोरच वाचला. पानं उलटताना त्यांचा हात हळूहळू मंद होत गेला.

"टेप?"

"भाताच्या शेतात."

"ते वाचलं मी. मला वाटलं ही तुझी कल्पना असेल." त्यांनी पानं टेबलावर ठेवली. "वीस वर्षं मी वाट पाहतेय. तुला येतं सगळं?"

"हो."

"म्हण."

"अकरा मार्चलाच म्हणता येईल, मॅडम. आणि तुम्हाला द्यायची परवानगी मला नाही."

त्या रागावल्या. आवाज चढवून नाही, त्यांची ती पद्धत नव्हती. "उद्या तू विमानात बसशील, आणि आमच्या भाषेतलं सगळ्यांत चांगलं गाणं, ती भाषा न बोलणाऱ्या एका बाईच्या डोक्यात बसून भारतात जाईल. हा अभ्यास नव्हे. यावर मी शिफारस लिहू शकत नाही."

"माहीत आहे, मॅडम."

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "निबंध मात्र झालाय." त्यांनी ती सहा पानं त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या संग्रहाच्या गठ्ठ्यात ठेवली. दरवर्षी असा एक चक्रमुद्रित, पिना मारलेला संग्रह निघायचा. लाल रेघ एकही नव्हती.

मी वेंगुर्ल्याला परत आले, अधिव्याख्याती म्हणून आले आणि अधिव्याख्याती म्हणूनच निवृत्त झाले. दर अकरा मार्चला अर्ध्या दिवसाची रजा टाकायचे. परीक्षांचे दिवस, प्राचार्य कुरकुरायचे. समुद्रावर बसून एकोणीस शिंपले सारायचे. कोळणी येता-जाता बघायच्या. शेजारची रुक्मीण तांडेल एकदा म्हणाली, "बाईनू, ही खंयच्या देवाची आरती? एक शब्द कळूक नाय, पण आयकूक बरी वाटता." मी म्हटलं, जेवायला बोलावण्याची आहे. तिनं मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही.

लोला २००१ साली गेल्याचं बेबेतनं कळवलं. मॅडम त्यानंतर चार वर्षांनी. मला वाटलं, आता माझ्याबरोबर संपेल. लोला म्हणालीच होती, चालेल.

२०१६च्या जानेवारीत कॉलेजच्या शिपायानं एक पाकीट आणून दिलं. मारिविक नावाची कुणी दोहाला नर्स होती. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. आई शेवटी दवाखान्यात एक गाणं म्हणायची, तीन कडवी झाली की थांबायची आणि पुढं काय, पुढं काय म्हणून विचारायची. मला सांगता यायचं नाही. मागच्या सुटीत गावाकडे गेले तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात गावाविषयी काही सापडतंय का पाहिलं. पिना मारलेल्या एका जुन्या संग्रहात तुमचा निबंध होता. त्यात माझी आजी अंगण झाडतेय. बाई, ते गाणं अजून तुमच्याजवळ आहे का? फेब्रुवारी आणि मार्चमध्ये मी गावीच असेन. फोनवर म्हणाल तर रेकॉर्ड करून घेईन. ताजा कलम होता की तुळस अजून कुंपणाला आहे, आता तिचं रानच झालंय.

मी उत्तर लिहिलं. आहे. रेकॉर्ड करू नये. मी येते, वीस तारखेला पोचेन. सकाळी काही न खाता तयार राहावं.

अठरा फेब्रुवारीला पहाटे तुळशीला पाणी घातलं, मग स्वतः प्यायले. तांब्या पुसून पिशवीत ठेवला. फाटकाशी रुक्मीण टोपली घेऊन उभी होती.

"खंय चललात बाईनू, सकाळीच?"

"जरा लांब जाऊन येते. हिला पाणी घालशील का रोज? काही तोंडात घालायच्या आधी."

"माका उठल्याबरोबर चाय लागता."

"पाणी घालून मग पी."

"बरां तर." तिनं टोपली डोक्यावर घेतली. "येतलात कधी?"

"एकोणीस कडवी आहेत," मी म्हटलं. "रोज एक."

फाटकाची कडी लावली आणि स्टँडच्या रस्त्याला लागले.